रक्तातला गुन्हेगार

सांगलीतल्या हृदयरोगाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी माण तालुक्यातला एक निवृत्त फौजी बसला होता. मिशीला पीळ, आवाज कवायतीचा. त्याच्या धमन्यांत चरबीचे थर साचले होते आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. पण मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून त्याला खरा गुन्हेगार सापडला होता.

"मायक्रो आरएनए!" छातीवर बोट आपटत तो आख्ख्या बाकाला सांगत होता. "लय बारीक रेणू असत्यात. पेशीतल्या जीन्सचं तोंडच बंद करत्यात. मग शिरंत चरबी साचती. ह्यात आपला काय दोष हाय?"

बाकाला हे फार पटलं. समोरचे साखर कारखान्याचे संचालक तर निर्दोष सुटल्यासारखे हसले. मीही मनातल्या मनात रोजच्या तुपाला माफ करून टाकलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. फौजीने त्यांनाही तेच ऐकवलं.

"खरं आहे, काका," त्या म्हणाल्या. "पण त्या रेणूंचं काम बिघडतं कशानं? तुमच्या बिडीच्या धुरानंसुद्धा."

फौजी शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून म्हणाला, "बघ की, त्या रेणूंलाबी बिडी सोसंना!"

इतका वेळ खाली बघत बसलेली बायको म्हणाली, "मला तर लगीन झाल्यापासनं सोसंना. माझं कवा ऐकलंसा?"

फौजीने व्हिडिओचा मोबाइल खिशात टाकला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारलं, "म्याडम, आपरेशन कवा करायचं?"