टेलिफोनच्या आवाजातली आत्या

स्पिरिटचा वास आला की मी आजही खोलीबाहेर जातो. लग्नात धवळे गाणाऱ्या माझ्या आत्याच्या जुन्या कॅसेटी मी मुरबाडला चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतो. निम्म्या झाल्यावर कळलं, आवाज बोदा येतोय, बांगड्यांची किणकिण पार गेलीय. दोन दिवस मी स्पिरिटने टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, वायरी बदलल्या, टेप कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबीच्या डबीला शिव्या घातल्या. शेवटी रेकॉर्डिंगचं सेटिंग उघडलं, तर आवाजाच्या दर्जात 'सीडी'च्या जागी 'टेलिफोन' निवडलेलं. भेळेच्या कांद्याची बोटं माउसला पुसत भाऊ म्हणाला, "जागा कमी लागते म्हणून मीच केलं. गाणं कळतंय ना, मग काय नाय झालं." उतरलेल्या कॅसेटी परत मागितल्या, तर त्यांवर त्याने म्हसा गावच्या जत्रेसाठी आपल्या भेळेची जाहिरात भरली होती. आता आत्या नाही. गाणं लावलं की ती लांबून फोनवर गातेय असं वाटतं, आणि दर वेळी फोन मीच ठेवतो.