कादंबरीतल्या पोरीसाठी भाकरी

मंडळी, गुलामगिरीवरची एक कादंबरी निम्मी वाचून झाली. त्यातली आजच्या काळातली मुलगी झोपली की थेट जुन्या काळात, मालकाच्या मळ्यात जागी होते.

आज दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता ही गोष्ट सासूबाईंना सांगत होते. त्यांची कैक वर्षं ऊसतोडीत गेलीत. मुलगी पुन्हा पेंगायला लागली म्हटल्याबरोबर त्यांनी मला थांबवलं.

"आगं, रिकामी झोपू नको म्हणावं तिला. भाकरी, ठेचा, चादर उशाला बांध. मळ्यात पहाटं लई गारठा असतो."

मी पोट धरून हसले. त्या मात्र शेंगा बाजूला ठेवून बसल्या होत्या.

"आन येताना एकटी येऊ नको म्हणावं. तिथल्या बायांनाबी घेऊन ये."

निम्मं पुस्तक बाकी आहे. लेखकाला हे सुचलं असेल का हो?