निरोप परत म्हणून दाखवा

सुरुवातीलाच माफी मागतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वर्गातल्या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी फौजेत वायरलेस ऑपरेटर होतो, म्हणून सरांनी वार्षिकांकासाठी ‘इंग्रजी कसं सुधारावं’ यावर लिहायला सांगितलं. माझं इंग्रजी आजही अडखळतं. शिकवायचा अधिकार मला नाही. मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याबद्दल लिहितो.

त्र्याण्णवच्या जानेवारीत माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टवर झाली. तिथलं वायरलेसचं काम हवालदार सोनवण्यांकडे होतं. ते इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याचे, मी बारामतीजवळच्या पिंपळीचा. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “पिंपळीचा व्हय? मग शेजारीच की. शेजाऱ्याला दुप्पट काम आसतं हितं, ध्यानात ठेव.”

पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. खालच्या तळावरच्या कंट्रोलहून इंग्रजीत निरोप आला. अर्धाच कळला, तरी मी “रॉजर” म्हणालो, म्हणजे निरोप मिळाला. ही आमची शाळेपासूनची सवय. मास्तरांनी “समजलं का?” विचारलं की सगळा वर्ग “होऽ” म्हणायचा. नाही म्हणणं हा मास्तरांचा अपमान वाटायचा. माझ्या रॉजरमुळे रेशन आणणारे जवान चुकीच्या जागी दोन तास वाऱ्यात उभे राहिले.

सोनवण्यांनी मला बाजूला घेतलं. “नंदीबैल हायस का गुबूगुबू मान हलवाय? समजलं न्हाय तर ‘से अगेन’ म्हण. धा येळा म्हण. लाज वाटंल. वाटू दी. लाजंनं माणूस मरत न्हाय.”

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. सकाळी ०६०० ला स्टोव्ह पेटवताना, हात जे करतात ते तोंडाने इंग्रजीत सांगायचं. मी म्हणायचो, “आय हॅव लिट द स्टोव्ह.” ते म्हणायचे, “पेटला का? न्हाय ना? मग तसं सांग. खोटं इंग्रजी बोलू नगं.” दुधाच्या डब्यावरचा, औषधाच्या पाकिटावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा. नवा शब्द एकटा लिहायचा नाही, त्याचं स्वतःच्या कामाचं वाक्य करायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रीड बॅक. ऐकलेला निरोप आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचा. “म्हणून दाखवता आलं, तरच कळलं,” असं ते सांगत.

२० फेब्रुवारीला सकाळी ०९०० ला पाच जणांची गस्त निघाली. सोनवणे तिचे प्रमुख होते. वायरलेस सेट लान्स नाईक मुरुगनकडे होता. तो तमिळ. त्याला हिंदी धड येत नव्हती, त्यामुळे सेटवर आमची भाषा इंग्रजीच. पोस्टवरच्या सेटवर मी होतो. गस्त नेहमी खालच्या घळीतल्या नाल्यातून परतायची.

दुपारी १३४० ला कंट्रोल बोलू लागलं. साहेब नवे होते, भराभर बोलत होते, वाऱ्याने आवाज तुटत होता. मला गस्त, नाला, परत एवढंच कळलं. नाल्यातून परत या असंच असणार, असं वाटलं. रॉजर ओठांवर आलं होतं.

“से अगेन, ओव्हर.”

निरोप पुन्हा आला. पुन्हा अर्धाच.

“से अगेन स्लोली, ओव्हर.”

“ऑपरेटर, आर यू स्लीपिंग?”

“नो सर. से अगेन, ओव्हर.”

तिसऱ्या वेळी प्रत्येक शब्द कळला. नाल्यावर हिमकडा कोसळण्याचा धोका होता. गस्तीने नाल्यात उतरू नये, डोंगराच्या धारेवरून परतावं. मी रीड बॅक दिला. १३४४ झाले होते. चार मिनिटं गेली होती.

लगेच मुरुगनला निरोप दिला. “रॉजर,” तो म्हणाला.

“रीड बॅक, ओव्हर.”

उत्तर नाही. फक्त खरखर. गारठ्यात त्यांची बॅटरी बसली होती. मी सतत पुकारत राहिलो. १४०५ ला नाल्याच्या बाजूने आवाज आला. तो आवाज कसा होता ते मी लिहू शकत नाही.

माझ्या पायाची बोटं हिमदंशाने चार दिवसांपासून काळी पडली होती. मी ते लपवलं होतं. आता ते उघडं पडलं आणि गस्त परतायच्या आत मला खाली हलवलं. हॉस्पिटलमध्ये एवढंच कळलं की कडा कोसळला आणि सोनवणे गेले. बोटं कापली, मेडिकल बोर्ड झालं, मी घरी आलो.

पिंपळीहून अंथुर्णे एसटीने जवळ आहे. दोन वर्षं मी गेलो नाही. मुरुगनचं रॉजर माझ्या पहिल्या रॉजरसारखंच तर नव्हतं? आणि ती चार मिनिटं? सोनवण्यांच्या वडिलांनी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?

गेल्या महिन्यात तेच कॉलेजात आले. गेटवर माझं नाव विचारत उभे होते. “जय भीम. मी सोनवण्याचा बाप,” ते म्हणाले. “कागद आलाय, इंग्रजीत. मास्तर म्हणला, ह्यात पिंपळीच्या पोराचं नाव हाय. म्हणलं, मग फुडं वाचू नगा. त्याच्याच तोंडून ऐकतो.”

पत्र मुरुगनचं होतं. त्यांना आबा म्हणत मी कट्ट्यावर बसवलं. मी एकेक वाक्य वाचलं आणि मराठीत सांगितलं. मी भराभर वाचत होतो.

“थांब. घाई करू नगं,” आबा म्हणाले. “समजलं न्हाय. पुन्यांदा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.

“आणखी येकदा.”

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं. मग म्हणाले, “आता मी सांगतो, तू ऐक. चुकलं तर बोल. निरोपाच्या अर्धा तास आधीच दोघं जण नाल्यात उतरल्याली. मग तुझा निरोप आला. त्यो बोलायचा डबा बंद पडला, तरी माझ्या पोरानं सगळा निरोप मोठ्यानं म्हणून दाखवला, तुला ऐकू जात नसताना. समद्यांनी ऐकला. मग त्यानं मुरुगनला आन् दुसऱ्याला धारंवर धाडलं आन् तो त्या दोघांला आणाय खाली गेला. ती दोघं वर आली.”

आबांनी पत्राची घडी केली.

“बराबर?”

“बरोबर, आबा.”