मागे घेतलेली वाटी

वैनगंगेवर धुकं उतरलं की ती मला अजून दिसते. सत्तरच्या दशकात कारध्याच्या घाटावर बसून ती काविळीवर भुईआवळ्याचा रस द्यायची. नाव मी कधी विचारलं नाही. पाला वाटताना ती डोळे मिटून घ्यायची, जणू नदीचं काही ऐकतेय.

एकदा धाकट्या भावाला नेलं. तिने त्याचे पिवळे डोळे पाहिले, फुगलेल्या पोटावर अलगद हात ठेवला आणि भरलेली वाटी मागे घेतली.

"याले दवाखान्यात ने, बाई."

"काहून? तुमच्या रसानं सारे बरे होतात ना?"

"सारे नाही होत. माह्या नवऱ्याले मीच पाजत राहिली. गेला तो."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात भाऊ वाचला. त्याला घेऊन मी पुन्हा घाटावर गेले. त्याच्या जागी आपला गेलेला माणूसच परत आल्यासारखं ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.