शेठच्या केबिनमधल्या झोळ्या

मालकाशी बोलायचं असलं की हिराअक्का आधी बसून घ्यायची. खुर्ची नसली तर सरळ फरशीवर. "उभा मानूसले दोन शब्दमा वाटे लावतस," असं तिचं म्हणणं. दोंडाईच्याच्या जिनिंग कारखान्यात ती कापूस निवडायची आणि मी ऑफिसात निर्यातीचं काम बघायचो. दरारा अर्थातच तिचा.

बायकांची तान्ही पोरं शेडमध्येच साडीच्या झोळ्यांत निजायची आणि वरून रुईची धूळ पडत राहायची. अक्काचा नातू तर खोकून खोकून निळा पडायचा. निराळी खोली द्या म्हणून तिने शेठना कितीदा सांगितलं. शेठ मनाने वाईट नव्हते, पण त्यांचं "बघू" काही संपत नव्हतं.

मग आमच्या कापसाच्या गाठी ज्या देशात जायच्या, त्याने आयात करात सवलत देऊ केली आणि अट घातली : कामगारांची मुलं धुळीत दिसता कामा नयेत. शेठ भडकले. कापूस विकायचा की संसार दाखवायचा, म्हणाले. मी अट अक्काला समजावून सांगितली, तेव्हा ती नुसतीच गालात हसली.

तपासणीच्या दिवशी मुलं आणायची नाहीत, अशी शेठनी ताकीद दिली. बायकांनी आणलीच. तपासणीला येणाऱ्या परदेशी पाहुणीला घ्यायला शेठ स्टेशनवर गेले, तेवढ्यात अक्काने त्यांच्या केबिनमध्ये खिडकीच्या गजांना झोळ्या बांधल्या आणि स्वतः शेठच्या खुर्चीत बसली.

शेठ पाहुणीला घेऊन आत आले ते दारातच थबकले. अक्का जागची हलली नाही.

"शेठ, बठ्ठा कारखानामा बिनधूयनी खोली हाई एकच शे."

सगळ्या कारखान्यात बिनधुळीची खोली ही एकच, असं मी पाहुणीला भाषांतर करून सांगितलं. रोज असंच असतं का, तिने शेठना विचारलं. शेठनी घाम पुसला, झोळ्यांकडे पाहिलं आणि "रोजच" म्हणून मोकळे झाले. फार छान, आता न कळवता पुन्हा येईन, असं सांगून ती गेली.

झालं! शेठचं टेबल व्हरांड्यात आलं. अक्काच्या नातवाचा खोकला हळूहळू उतरला. सवलत सगळ्यांनाच हवी होती, त्यामुळे गावातले बाकीचे जिनिंगवालेही खोल्या बांधू लागले. व्यापाऱ्यांच्या बैठकीत शेठनी या कल्पनेचं श्रेय खुशाल स्वतःकडे घेतलं. अक्काला त्याचं काहीच नव्हतं.

"सरकारनी ऐकं नही, शेठनी ऐकं नही," ती मला म्हणाली. "गिऱ्हाईक बोलनं, मंग बठ्ठासले अक्कल उनी."

गेल्या वर्षी अक्का गेली. भर हंगामात गावातली एकही जिनिंग त्या दिवशी चालली नाही. मला रडू येत होतं आणि छातीही फुगत होती. आमच्या गाठी निघायला उशीर होणार होता. परदेशी कारण काय कळवू, मी शेठना विचारलं.

त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावरून आतल्या रिकाम्या झोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिहा, मालकीण गेली."