उपवासाची इडली

माझ्या वडिलांचं नारायणगावात हायवेला लागून इडली-डोशाचं हॉटेल होतं. माणसं उडुपीकडची, पण माझा जन्म इथला. कानडी मला आईच्या शिव्यांपुरती येते. लग्न होऊन अवसरी खुर्दला आले, तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दारात ओवाळता ओवाळता शेजारणीला म्हणाल्या, "दिसायला बरी हाय, पन इडलीवाल्याची हाय." बागायतदार घर. हॉटेलवाल्याची पोर म्हणजे त्यांच्या लेखी उष्ट्या बश्या उचलणारी. इडल्या मात्र घरात सगळ्यांत जास्त त्याच हाणायच्या.

मग त्यांना शुगर निघाली. चतुर्थीला लेण्याद्रीच्या पायऱ्या अनवाणी चढायचा त्यांचा नेम होता. तिथं ठेच लागून अंगठ्याचं नख उचकटलं, आणि घरी फरशीवर रक्त दिसेपर्यंत बाईंना पत्ताच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शुगर उतरली नाही तर जखम भरणार नाही, आणि मग पाय काढावा लागेल.

खाणंपिणं मी हातात घेतलं. मायेनं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? जिनं मला इडलीवरून हिणवलं तिचा पाय माझ्याच इडलीनं वाचावा, आणि तिनं तो जन्मभर माझ्यासमोर टेकवत हिंडावं, एवढीच माझी इच्छा होती.

तांदूळ काढून टाकला. आहुप्याकडची नाचणी घोडेगावच्या बाजारातून आणवली, त्यात उडीद नेहमीपेक्षा जास्त घातला. पीठ फुगेना, इडल्या दगडासारख्या व्हायच्या. मेथ्या जास्त वेळ भिजवल्या, पीठ सैल केलं, तेव्हा कुठं जमलं. अख्ख्या मुगाचे डोसे केले. सांबारातला गूळ बंद, बटाटा बंद, शेवगा भरपूर. आणि ताटात इडल्या दोनच.

"ह्ये काय कुत्र्याला वाढतीस का?" आत्याबाई विचारायच्या.

"कुत्र्याला पाय चार असतात, आत्याबाई. तुम्हाला दोनांवरच भागवायचंय," मी म्हणायचे.

शिव्या देत का होईना, त्या खायच्या. शुगर उतरायला लागली. जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, तेव्हा आत्याबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मला फार गोड वाटलं.

पण या घरात वारांपेक्षा उपवास जास्त. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. नाचणी आणि उडीद उपवासाला चालत नाहीत, तेव्हा त्या दिवशी माझी सगळी कारागिरी बाद. तेवढ्यात जुन्नरला दिलेली माझी नणंद राहायला आली. तिनं साबुदाणा भिजवला, बटाटा कुस्करून घातला, माझ्याच पात्रात इडल्या उकडल्या आणि वर साखर घातलेली खोबऱ्याची चटणी.

"ताई, हे म्हणजे नुसती साखर आहे," मी म्हटलं.

"उपासाचं हलकं असतंय, वैनी. देवाचं खाऊन कुनाला कदी बाधलंय?"

आत्याबाईंनी मोजदाद न ठेवता खाल्लं आणि माझ्याकडे बघून ढेकर दिला. पुढं त्यांनी उपवास वाढवले. गुरुवारही धरला. मी ओरडले, नवऱ्याला सांगितलं. "आईच्या देवाधर्मात मी पडत नाही," म्हणून तो चाकणला ड्युटीवर निघून गेला. मी मशीनवर शुगर तपासून आकडा मोठ्यानं वाचायचे, तर नणंद टीव्हीचा आवाज वाढवायची.

अंगठा काळा पडला. मग पाऊल. पाय गुडघ्याखाली काढला.

दवाखान्यात अर्धं गाव भेटायला आलं. कुणीतरी विचारलं, असं कसं झालं हो? नणंद तोंड उघडणार, तोच आत्याबाई स्वतः म्हणाल्या, "सुनंनं लई परयोग केलं माज्यावर. नाचणी काय, मूग काय. माजा पाय व्हता, तिला काय?" बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात औषधांची पिशवी घेऊन उभी होते. त्या क्षणी मला त्या बाईचा जीव घ्यावासा वाटला, आणि हे लिहिताना तसूभरही लाज वाटत नाही.

घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्या पायाला मुंग्या यायला लागल्या. एकादशीच्या सकाळी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मला ती नाचणीचीच कर. उपास मोडला तरी चालंल," त्या कुजबुजल्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"करते," मी म्हटलं. "फक्त ताईंना हाक मारते. पाय कशानं गेला ते त्यांच्यासमोर एकदा बोला."

स्वयंपाकघरात नणंदेचा मिक्सर चालू होता. आत्याबाईंनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात सोडून दिला.

नणंद साबुदाण्याच्या गरम इडल्या घेऊन आली. आत्याबाईंनी माझ्यावरची नजर न काढता त्या खाल्ल्या आणि ताट पुढं केलं. मी आणखी वाढल्या.