मीच उघडायला लावलेलं रजिस्टर

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागे, खाडीकाठी आमची वस्ती. ती हटवायची नोटीस आली तेव्हा मी पत्रकात ठणकावून लिहिलं: वस्ती जुनी आहे, पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे! माझ्या जन्माआधी सरकारी माणसं घरोघर सर्व्हे करून गेली होती. त्या रजिस्टरात नाव असेल त्याला बदली घर. रजिस्टरच नसेल, तर रेशनकार्ड आणि शेजाऱ्यांची साक्ष चालणार होती. पण मला पक्का कागद हवा होता.

त्या दप्तराचा इतिहास मी खेटे घालून शिकले. जुनं मुंबई राज्य तुटलं तेव्हा गठ्ठे वाटले गेले. काही तिकडे, काही इकडे, काही कुठेच नाही. उरलेले इमारती बदलत फिरले. मग तापीला पूर आला, आणि तेव्हापासून न सापडणारा प्रत्येक कागद पुरातच गेला. सुरतेत पुराला रेल म्हणतात.

"बेन, ए तो रेलमां गयुं," कारकून म्हणाले.

"काका, रेल दुसऱ्या मजल्यावर चढली कशी? लिफ्टनं?"

ते हसले. मी तेच पुढच्या पत्रकाचं शीर्षक केलं आणि वस्तीतल्या बायका घेऊन कचेरीच्या दारात बसले. पाचव्या दिवशी रजिस्टर निघालं. कोरडं ठणठणीत.

आमच्या घरासमोर नावाच्या रकान्यात रेघ होती. शेरा: घर बंद, राहतं कोणी नाही. शेजारच्यांचं तेच. त्यांच्या पलीकडचं तेच. अख्ख्या गल्लीत चार नावं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते आयुष्यभर कापडाच्या लूमवर रात्रपाळी करत आलेत.

"मी ते घरमाच व्हतू. तुनी माय कुलूप लाई जाये, कोणी उठाडाले नको म्हनीसन."

आमच्याकडे असंच चालतं. माणूस पाळीवरून येऊन झोपतो, बाई कामाला जाताना बाहेरून कुलूप घालते. सरकारनं कुलूप पाहिलं आणि आतला माणूस खोडला. दार वाजवलं असतं तरी काय? लूमनं कान गेलेल्याला ऐकू थोडंच येणार होतं!

रजिस्टर सापडलं, म्हणून आता साक्ष चालत नाही. वस्ती हटवायच्या हुकमाला त्या पानाची नक्कल जोडली आहे, माझ्याच अर्जावर काढलेली. गल्लीत ती मलाच वाचून दाखवावी लागली, एकेक घर.

"पाच दिवस उन्हात बसाडं ते यासाठे?" एक मावशी म्हणाली. पत्रक काढू? कोणाविरुद्ध?

बाबा हल्ली पाळीवरून आले की झोपत नाहीत. दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसतात, कोणी आलंच तर माणूस दिसावा म्हणून.